यंत्र सांगेल, तपासायचे कोणी?

दिव्यांग विद्यार्थ्याची शाळेतली अडचण बहुतेक वेळा रूपाची असते. शिकायचे ते एका रूपात समोर येते आणि त्याला ते दुसऱ्याच रूपात लागते. दृष्टिहीन मुलाला छापील धडा आवाजात किंवा ब्रेलमध्ये हवा असतो. कर्णबधिर मुलीला बाईंचे बोलणे अक्षरांत किंवा हातांच्या खुणांत हवे असते. ज्याचा हात साथ देत नाही त्याला डोक्यातले उत्तर कागदावर उतरवून हवे असते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला तोच उतारा मोकळ्या, सुट्या वाक्यांत आणि शक्यतो कानाने ऐकत वाचायचा असतो. हे रूपांतर आजवर माणसे करत आली: धडे वाचून ध्वनिमुद्रित करणारे स्वयंसेवक, परीक्षेतले लेखनिक, दुभाषे, विशेष शिक्षक आणि या सगळ्यांपेक्षा जास्त घरोघरच्या आया. गेल्या आठ-दहा वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने यातले बरेचसे काम खिशातल्या फोनवर आणले आहे. काम स्वस्त झाले, वेगवान झाले. मात्र त्यासोबत एक नवा पेच आला. ज्याला पान दिसत नाही त्याला यंत्राने पान चुकीचे वाचले हे कळत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला बोलणे लिहून दाखवणाऱ्या मथळ्यातला (कॅप्शनमधला) शब्द वक्त्याचा नव्हताच हे कळत नाही. यंत्राची चूक ज्याला पकडता येणार नाही, नेमका तोच या यंत्राचा मुख्य ग्राहक आहे.

हा पेच पाहायला नागपूर सोयीचे आहे. दक्षिण अंबाझरी मार्गावर विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे आणि त्याच मार्गावर ब्लाइंड रिलीफ असोसिएशन ही दृष्टिहीन मुलांच्या शिक्षणाची जुनी संस्थाही आहे. शंकरनगरात मूक-बधिर विद्यालय आहे. धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या आवारात दिव्यांगांसाठीचे केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र चालते. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये उभ्या केलेल्या मातृ सेवा संघाची ‘नंदनवन’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा शहराच्या परिचयाची आहे. ‘सक्षम’ ही देशभर काम करणारी संघटना २००८ मध्ये इथेच स्थापन झाली. राज्य शिक्षण मंडळाचे नागपूर विभागीय मंडळ नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली अशा सहा जिल्ह्यांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा घेते. म्हणजे इथल्या वर्गात जी साधने रुळतील किंवा रुळणार नाहीत, त्याचा परिणाम पार सिरोंच्यापर्यंत जातो. या मुलखाची भाषाही एकजिनसी नाही. नागपुरात वऱ्हाडी आहे, पूर्वेकडे झाडीबोली, गडचिरोलीत गोंडी, आणि बाजारात सर्रास हिंदी. यंत्राला शिकवली जाते ती मराठी मात्र बहुधा वर्तमानपत्राची आणि बातम्यांची.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांतले २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातले होते. त्या मोजणीत अपंगत्वाचे आठच प्रकार धरले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी एकवीसवर नेली आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांना स्वतंत्र जागा दिली. त्यामुळे शाळांमधली खरी संख्या जुन्या आकड्याने मोजण्यात अर्थ नाही.

छापील पानापासून कानापर्यंत

या क्षेत्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत पिकलेला भाग वाचनाचा. १९७६ मध्ये अमेरिकेत रे कुर्झवील यांनी दृष्टिहीनांसाठी वाचनयंत्र आणले. पान काचेवर पालथे ठेवायचे. यंत्र अक्षरे ओळखून कृत्रिम आवाजात वाचून दाखवायचे. आज झेरॉक्सच्या दुकानात दिसणाऱ्या सपाट स्कॅनरचा एक पूर्वज त्या यंत्रासाठी घडला होता, हे आता फारसे कुणाला आठवत नाही.

रोमन अक्षर यंत्राला लवकर वाचता आले. देवनागरीने बराच काळ दाद दिली नाही. शिरोरेषेमुळे शब्दातली सगळी अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात. मात्रा वर, उकार खाली, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे. त्यात जोडाक्षरे. एकटा ‘र’ घेतला तरी ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पोटात तिरका शिरतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी बसतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये निराळाच अर्धा होऊन उभा राहतो. जुन्या प्रणाली शिरोरेषा पुसून शब्दाचे तुकडे करायच्या आणि एकेक तुकडा ओळखू पाहायच्या. पान जरा जुने असले, शाई पसरलेली असली, की हाती यायचा तो निव्वळ चिवडा.

आताच्या न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या प्रणाली शब्द तोडत नाहीत. त्या अख्खी ओळ एकदम पाहतात आणि लाखो ओळी वाचून झालेल्या सवयीने पुढचे-मागचे अक्षर ताडतात. गूगल लेन्स, मायक्रोसॉफ्टचे सीइंग एआय, भारतात तयार झालेले किबो अशी साधने याच पद्धतीची आहेत, आणि बरे छापलेले मराठी पान ती आता चांगले वाचतात. पण सुधारणा झाली त्याच ठिकाणी धोकाही सरकला. जुने यंत्र चुकायचे तेव्हा कचरा वाचायचे. ऐकणाऱ्याला लगेच समजायचे की इथे काहीतरी बिघडले. नवे यंत्र चुकते तेव्हा अस्खलित चुकते. नीट न दिसलेल्या शब्दाच्या जागी ते वाक्यात शोभेल असा दुसरा शब्द बसवते आणि वाक्य कुठेही अडखळत नाही. आकड्यांच्या बाबतीत तर वाक्याचा आधारही नसतो. देवनागरी १ आणि ९ पुसट छपाईत सारखेच दिसतात. सीताबर्डीची लढाई १८१७ ची. ती १८९७ ची म्हणून वाचली गेली तर इतिहासाचा तो धडा कानाने शिकणाऱ्या मुलाने काय करावे? वाक्य शुद्ध, उच्चार स्वच्छ, साल ऐंशी वर्षे चुकलेले.

मराठीचा एक जास्तीचा त्रास आहे, आणि त्याचा कृत्रिम बुद्धिमत्तेशी काही संबंध नाही. अनेक मराठी पुस्तके, प्रश्नसंच आणि परिपत्रके अजूनही युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवली जातात. श्रीलिपी, कृतिदेव आणि त्यांच्या भाऊबंदांच्या जुन्या आवृत्त्यांत पडद्यावर दिसते ती मराठी. आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. डोळस वाचकाला फरक जाणवत नाही. पडद्यावरचे वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र आतले साठवलेले वाचतो, त्यामुळे त्याच्या तोंडून निरर्थक बडबड बाहेर पडते. परिणामी संगणकावरच जन्मलेल्या पुस्तकाचा पुन्हा फोटो काढून अक्षर-ओळख करून घ्यावी लागते आणि वाटेत नव्या चुका भरल्या जातात. प्रकाशकाने युनिकोडमधली मूळ फाइल किंवा नीट बांधलेले ई-पब दिले, तर ही सगळी यातायात वाचते. प्रगत यंत्रणेवर खर्च होणारी बरीच ताकद मराठी मुद्रणव्यवसायाचा आळस निस्तरण्यात जाते, असे म्हणणे कठोर असले तरी चुकीचे नाही.

मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की ब्रेल करणे सोपे आहे. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान पद्धत ठरली. तिच्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात. डोळ्यांना आधी दिसणारी पहिली वेलांटी बोटांना व्यंजनानंतर लागते. युनिकोडही स्वरचिन्ह त्याच क्रमाने साठवते. त्यामुळे रूपांतराला ठरावीक नियम पुरतात आणि लिबलुई हे मोफत सॉफ्टवेअर ते काम बिनबोभाट करते. इथे अंदाज बांधणाऱ्या यंत्राला बोलावण्याचे कारणच नाही.

आवाजाचे तसे नाही. मराठी लिपीत ‘च’ एकच आहे, पण ‘चहा’तला आणि ‘चाक’तला च वेगळा, ‘जीव’ आणि ‘जहाज’ यांतला ज वेगळा. नियमांवर चाललेले जुने आवाज इथे हमखास घसरत. एनव्हीडीए हा २००६ पासूनचा मोफत स्क्रीन रीडर ई-स्पीकच्या मराठी आवाजात वाचतो. आवाज पत्र्याचा, पण फुकट आणि साध्या संगणकावर चालणारा. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत गटाने आणि जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘भाषिणी’ने मराठीसह भारतीय भाषांत नवे, माणसासारखे आवाज आणि भाषांतराची साधने खुली केली आहेत. गंमत अशी की सरावलेले दृष्टिहीन वाचक अनेकदा त्या पत्र्याच्या आवाजालाच पसंती देतात. तो दुप्पट-तिप्पट वेगाने चालवला तरी अक्षरे तुटत नाहीत, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वेग लागतो, लय नाही. कथा-कविता ऐकताना मात्र नवे आवाज खरोखर उपकारक आहेत.

शिक्षकाने किंवा स्वयंसेवकाने पुस्तक स्कॅन करून दिले तर स्वामित्वहक्काचा भंग होईल, ही भीती अजून ऐकू येते. ती निराधार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात दिव्यांगांना वाचता येईल अशी प्रत करण्याची मुभा आली. दृष्टिहीनांच्या पुस्तकांसाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा पहिला देश भारतच. करार २०१६ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. एका शाळेने तपासून शुद्ध केलेली प्रत तिथे पोचली तर दुसऱ्या शाळेला पुन्हा स्कॅनर लावावा लागू नये, हा त्यामागचा साधा हिशेब.

मजकुरानंतर चित्रे येतात, आणि तिथे जमीन भुसभुशीत आहे. डेन्मार्कच्या हान्स यॉर्गन विबर्ग यांच्या कल्पनेतून २०१५ मध्ये ‘बी माय आइज’ निघाले: दृष्टिहीन माणूस कॅमेरा धरतो आणि जगातला कुणीतरी डोळस स्वयंसेवक समोर काय आहे ते सांगतो. २०२३ मध्ये त्यात स्वयंसेवकाच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेचाही पर्याय आला. डब्यावरची तारीख, बसची पाटी, फळ्याचा फोटो यांसाठी तो कामाचा आहे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसाठी तितका नाही, आणि कारण समजून घेण्यासारखे आहे. अशी प्रणाली चित्र पाहते, पण उत्तर देताना आधीच शिकलेल्या माहितीकडेही ओढली जाते. विदर्भाच्या नकाशाचे वर्णन मागितले तर वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते, हे ती बिनचूक सांगेल. पण ते समोरच्या नकाशात दाखवलेले आहे की तिच्या स्मरणातले आहे, हे ऐकणाऱ्याला समजत नाही. प्रश्नपत्रिकेतल्या कोऱ्या नकाशात ‘अ’ अक्षर कोणत्या नदीवर आहे, असे विचारले की मग घोटाळा होतो. हृदयाची आकृती, वीजमंडल, भूमितीची रचना यांचेही तेच. या ठिकाणी उठावाचा नकाशा आणि शिक्षकाने स्वतः लिहिलेले चार ओळींचे वर्णन अजूनही सरस ठरते. यंत्राने पहिला खर्डा करावा, शिक्षकाने तो चित्रासमोर धरून दुरुस्त करावा, हा क्रम उलटा केला की काम बिघडते.

बोलणे अक्षरांत

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी आली. २०१९ च्या आरंभी लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे समोरच्याचे बोलणे जागच्या जागी अक्षरांत दाखवणारे अॅप निघाले; कर्णबधिरांसाठीच्या अमेरिकेतल्या गॅलोडेट विद्यापीठाच्या साहाय्याने ते बनले होते. २०२२ मध्ये ओपन एआयने ‘व्हिस्पर’ ही प्रणाली खुली केली. तिलाही मराठी येते. शांत खोलीत, तोंडाजवळ माइक धरून, प्रमाण भाषेत बोलणाऱ्याचे शब्द ही साधने बऱ्यापैकी टिपतात.

वर्गात यांतली एकही अट पाळली जात नाही. मे महिन्याच्या तोंडावर डोक्यावर पंखा घरघरत असतो, शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि शेवटच्या बाकावरून येणारे प्रश्न माइकपर्यंत पोचतच नाहीत. त्यातून शिक्षक जर ‘मले सांग’, ‘कायले घाई करतं’ अशा बोलीत समजावत असतील तर यंत्र ते शब्द जवळच्या प्रमाण शब्दांत किंवा हिंदीत ओढून नेते. समजावण्याची सगळी गोडी त्या बोलीत असते आणि मथळ्यात नेमकी तीच गळते. हे सुधारण्याचा मार्ग म्हणजे त्या-त्या भागातल्या लोकांचे बोलणे गोळा करणे. आयआयटी मुंबई आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एका प्रयोगात कमी उत्पन्नाच्या ३६ जणांनी फोनवर वाक्ये वाचून १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण जमवले. त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. एआयफॉरभारतच्या ‘इंडिकव्हॉइसेस’ने २०२४ मध्ये २२ भाषांतल्या १६ हजारांहून अधिक वक्त्यांचे ७ हजारांवर तास खुले केले. आकडे मोठे वाटतात. २२ भाषांत आणि त्यांच्या बोलींत वाटले की ते चटकन लहान होतात. शिवाय यातले बहुतेक आवाज मोठ्यांचे, स्पष्ट बोलणाऱ्यांचे असतात. मेंदूच्या पक्षाघातामुळे शब्द ओढत बोलणाऱ्या मुलाचा आवाज त्यात शोधावा लागतो. गूगलने अशा बोलण्यासाठी २०१९ मध्ये ‘प्रोजेक्ट युफोनिया’ हाती घेतला, पण आरंभ इंग्रजीपासून झाला.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. ‘व्हिस्पर’ने लिहून काढलेल्या ध्वनिफितींपैकी सुमारे १ टक्का ठिकाणी वक्त्याने न उच्चारलेली अख्खी वाक्ये घातलेली आढळली. अॅफेझिया या मेंदूच्या इजेतून येणाऱ्या भाषादोषामुळे ज्यांच्या बोलण्यात विराम जास्त असतात, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होते. यंत्राला शांतता सोसत नाही. ती ते आपल्या पदरच्या शब्दांनी भरते. म्हणजे अडखळत बोलणाऱ्याला जास्त मदत लागते आणि त्याच्याच तोंडी जास्त परके शब्द घातले जातात. तोंडी परीक्षेत किंवा डॉक्टरांपुढे अशा मथळ्यावर विसंबणे किती जोखमीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

आणि मथळे अचूक असले तरी ते सगळ्या कर्णबधिर मुलांना पुरत नाहीत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली भाषा बहुधा खुणांची असते. लिखित मराठी ही त्याने शाळेत येऊन शिकलेली दुसरी भाषा असते. त्याला वेगाने सरकणाऱ्या ओळी देणे म्हणजे मदत केल्याचे समाधान देणाऱ्यालाच. भारतीय सांकेतिक भाषेवर पद्धतशीर काम उशिरा सुरू झाले. तिचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाले; त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३ हजार आणि २०२१ मध्ये १० हजार शब्द होते. त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने ही भाषा विषय म्हणून घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली. तिच्यावर खुणा करणारी माणसेच दिसतात.

यंत्राने खुणा ओळखण्याचे काम भारतात अजून पाळण्यातच आहे. एआयफॉरभारतच्या २०२० च्या ‘इन्क्लूड’ संचात २६३ शब्दांच्या ४,२८७ चित्रफिती होत्या आणि खुणा करणारे विद्यार्थी चेन्नईचे होते. २०२४ मध्ये आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी ‘आयसाइन’ या संचात १ लाखांहून अधिक वाक्य-चित्रफितींच्या जोड्या जमवल्या. हे पुढचे पाऊल खरे, पण शंकरनगरच्या वर्गातली मुले आपापसांत वापरतात त्या खुणा चेन्नईच्या किंवा दिल्लीच्या खुणांशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. अभियांत्रिकीच्या प्रकल्प-प्रदर्शनांत वर्षानुवर्षे दिसणारे ‘बोलणारे हातमोजे’, म्हणजे खुणा आवाजात बदलणारे मोजे, हा तर या विषयातला सर्वांत टिकाऊ गैरसमज. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांना अशा मोज्यांसाठी मोठे पारितोषिक मिळाले आणि कर्णबधिर समाजातून त्यावर टीका झाली. सांकेतिक भाषेचे व्याकरण भुवया, मान, ओठ आणि खांदे यांतही असते. मोजा त्यांतले काहीच टिपत नाही. शिवाय तो ऐकू न येणाऱ्याने घालायचा आणि सोय व्हायची ऐकू येणाऱ्याची.

न बोलणाऱ्या किंवा फार कमी बोलणाऱ्या मुलांसाठीचे साधन दिसायला याहून साधे आहे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने तयार केलेले ‘जेलो’ हे मोफत अॅप चित्रांवर बोट ठेवले की ती इच्छा आवाजात सांगते. ते मराठीतही आहे. यात कृत्रिम बुद्धिमत्ता नावापुरतीच लागते. नवी साधने यावर कडी करू पाहतात: मुलाच्या घरातले फोटो घेऊन त्यांची शब्दचित्रे बनवणे, दोन चित्रांवरून पूर्ण वाक्य रचणे. मुलाने ‘पाणी’ आणि ‘नको’ दाबले असताना यंत्राने सुरेख, लांबलचक वाक्य बोलून दाखवले, तर ते वाक्य मुलाचे की यंत्राचे, हा प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत. विचारायला हवा.

अध्ययन अक्षमता

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र पुढे होता. १९९६ मध्ये राज्याने त्यांना परीक्षेत सवलती दिल्या, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या वीस वर्षे आधी. अडचण ओळखण्यात होती, कारण चाचण्या इंग्रजीच्या. मराठी माध्यमातल्या मुलाची इंग्रजी चाचणी घेऊन त्याला वाचनदोष आहे असे ठरवणे अन्यायाचे आणि नाही असे ठरवणेही तितकेच. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच आणला, त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीसोबत मराठीही होती. एनसीईआरटीचे २०२२ चे ‘प्रशस्त’ अॅप शिक्षकांना प्राथमिक पडताळणीची यादी देते. त्यावर आता मुलाचे वाचन ऐकून किंवा हस्ताक्षर पाहून वाचनदोषाचा अंदाज देणारी यंत्रे येत आहेत. त्यांचा उपयोग ‘या मुलाला तपासणीला पाठवा’ इतके सांगण्यापुरता ठेवला तर बरा. घरी झाडीबोली किंवा गोंडी बोलणारे मूल प्रमाण मराठीचा उतारा वाचताना अडखळते. ते दोषामुळे की परकेपणामुळे, हे यंत्राला आपोआप उमगत नाही.

निदान झाल्यानंतर मात्र उपयोगाला मर्यादा नाही. बालभारतीचा लांबलचक परिच्छेद लहान वाक्यांत करून घेणे, वाचला जाणारा शब्द पडद्यावर उजळत ठेवणे, स्वतःच्या तोंडी उत्तराचा मजकूर पाहून शुद्धलेखन सुधारणे, हे सगळे फोनवर होते. संक्षेप करताना यंत्र अट किंवा अपवाद गाळते, एवढे शिक्षकाने पाहायचे. विज्ञानाच्या व्याख्येत ‘स्थिर तापमानाला’ हे दोन शब्द गळले की बॉइलचा नियम उरत नाही.

परीक्षेचे तीन तास

वर्षभर काहीही वापरले तरी कस लागतो तो परीक्षेत. २०१६ च्या कायद्याचे १७ वे कलम जादा वेळ, लेखनिक आणि भाषाविषयांतली सूट यांची तरतूद करायला सांगते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे जास्त मिळतात. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाचा हक्क चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रात कोंडू नये असे ठरवले. हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराकडे असे प्रमाणपत्र नव्हते.

लेखनिक मिळवणे हा दहावीच्या वर्षातला स्वतंत्र विषय असतो. खालच्या इयत्तेतला, वेळ देऊ शकणारा, अक्षर बरे असलेला आणि ‘समद्विभुज’ किंवा ‘प्रकाशसंश्लेषण’ ऐकून न गोंधळणारा मुलगा फेब्रुवारी-मार्चमध्ये शोधणे सोपे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या आश्रमात वाढलेल्या एका दृष्टिहीन मुलीने २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा पार केली, तेव्हा तिच्या अभ्यासाची भिस्त ब्रेल आणि ध्वनिमुद्रित पाठांवर होती. अशा विद्यार्थिनीला संगणकावर प्रश्न ऐकून स्वतः टंकलिखित उत्तर देता आले तर लेखनिकाची मनधरणी संपते. ते आज शक्य आहे आणि त्याला फार मोठी बुद्धिमत्ता लागत नाही: स्क्रीन रीडर, युनिकोडमधली प्रश्नपत्रिका, मराठी कळफलक आणि इंटरनेट बंद.

शेवटची अट महत्त्वाची. पुढचा शब्द सुचवणारे यंत्र परीक्षेत उत्तरही सुचवते. म्हणून बोललेले लिहून घेणारी प्रणाली त्याच संगणकावर, जाळ्याशिवाय चालणारी हवी. व्याकरण सुधारणारी आणि वाक्य पुरे करणारी सोय बंद हवी. भाषेच्या पेपरात शुद्धलेखन तपासकही बंद. दुसरी गोष्ट सरावाची. मार्चमध्ये जे साधन द्यायचे ते जूनपासून वर्गात असले पाहिजे. ब्रेलवर वाढलेल्या मुलापुढे ऐन परीक्षेत लॅपटॉप ठेवणे ही सोय नव्हे, तो आणखी एक पेपर झाला.

ऑनलाइन परीक्षांत उलटी अडचण येते. कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या प्रणाली डोळे पडद्यावरून हटले, मान हलली, ओठ पुटपुटले की संशयाची नोंद करतात. ज्याची बुबुळे स्थिर राहत नाहीत, जो स्वमग्न मुलगा हात हलवत विचार करतो, जी मुलगी स्क्रीन रीडर ऐकते, ती सगळी अशा यंत्राला कॉपी करणारी दिसतात. युरोपीय संघाने शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली. भारतात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे ९ वे कलम अठरा वर्षांखालील मुलांची आणि कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांगांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती मागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करते. मुलाचे निदान, त्याचा आवाज आणि चेहरा फुकट अॅपच्या हवाली करणाऱ्या शाळांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला बँकेच्या ओळख-पडताळणीचा होता, पण तेच तत्त्व शिष्यवृत्तीच्या आणि परीक्षेच्या अर्जांनाही लागू पडायला हवे.

नागपूरने शारीरिक सोयींकडे लक्ष दिलेले आहे. पारडीत ९० हजार चौरस फुटांवर दिव्यांगांसाठीच्या ‘अनुभूती’ उद्यानाची घोषणा २०२३ मध्ये झाली. २०२४ मध्ये राज्याने पोलिस तपासासाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी याच शहरात काढली. तपासासाठी जमते ते शाळेसाठीही जमेल. वर्गाला लागणारी यंत्रणा त्यामानाने किरकोळ आहे: सहा जिल्ह्यांच्या पाठ्यपुस्तकांच्या तपासलेल्या युनिकोड प्रती, आकृत्यांची शिक्षकांनी शुद्ध केलेली वर्णने, वऱ्हाडी आणि झाडीबोलीतल्या मुलांच्या संमतीने जमवलेले आवाज, आणि सापडलेली चूक कळवण्यासाठी एक ठिकाण. पहिली तीन कामे एकदाच करायची आहेत, चौथे रोजचे.

रोजचे काम करायला माणूस लागतो. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीचा विशेष शिक्षक हा तो माणूस. ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवायला केंद्राला सांगितले; केंद्राने २०२२ मध्ये पाचवीपर्यंत दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीत पंधरांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना त्यानुसार पदे निश्चित करून भरायला सांगितले. समावेशित शिक्षणात यांपैकी बरेच शिक्षक एका शाळेत बसत नाहीत. ते शाळा-शाळा फिरतात. यंत्रामुळे त्यांचे स्कॅनिंगचे, टंकनाचे, ध्वनिमुद्रणाचे तास वाचतात. वाचलेल्या तासांत यंत्राने काय वाचले ते पानाशी ताडून पाहण्याचे काम येते, आणि ते दहा किंवा पंधरा मुलांपुरते असेल तरच होते.